प्रार्थना कोणाची, सभागृह कोणाचे?

अमेरिकन सिनेटचे दिवसाचे कामकाज प्रार्थनेने सुरू होते. सभागृहाचा स्वतःचा वेतनधारी धर्मोपदेशक असतो आणि ही परंपरा १७८९ पासून चालत आली आहे. अधूनमधून त्या धर्मोपदेशकाच्या जागी एखाद्या पाहुण्याला पाचारण केले जाते. १२ जुलै २००७ रोजी असा पाहुणा म्हणून भगवी वस्त्रे ल्यालेले, कपाळी गंध लावलेले राजन झेद सिनेटच्या व्यासपीठावर उभे राहिले. नेवाडा राज्यातील रिनो येथे राहणारे झेद यांना त्याच राज्याचे प्रतिनिधी आणि सिनेटमधील बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी निमंत्रित केले होते. दोन शतकांहून अधिक काळाच्या इतिहासात सिनेटमध्ये हिंदू प्रार्थना प्रथमच होणार होती.

झेद यांनी प्रारंभ केला न केला तोच प्रेक्षकसज्जातून आरडाओरडा सुरू झाला. तिघे जण एकामागून एक उठून येशूची करुणा भाकू लागले. दुष्टांची ही प्रार्थना होऊ दिल्याबद्दल परमेश्वराने राष्ट्राला क्षमा करावी, त्याच्याखेरीज अन्य देव असूच नयेत, असा त्या आरोळ्यांचा आशय होता. पीठासीन असलेले पेन्सिल्व्हानियाचे सिनेटर बॉब केसी यांनी व्यवस्था राखण्याचा आदेश दिला. तिघांना बाहेर नेऊन अटक करण्यात आली. झेद शांतपणे थांबले आणि मग त्यांनी आपली प्रार्थना पूर्ण केली. गायत्रीमंत्राचा आशय, असत्याकडून सत्याकडे नेण्याची बृहदारण्यक उपनिषदातील मागणी आणि गीतेतील निष्काम कर्माचा उपदेश यांचा तिच्यात समावेश होता. त्यातील एका शब्दानेही कोणा ख्रिस्ती माणसाचा अधिक्षेप झाला नव्हता.

ही उत्स्फूर्त भावनेची उबळ होती असे म्हणावे, तर तसेही नाही. 'अमेरिकन फॅमिली असोसिएशन' या संघटनेने या प्रार्थनेला हरकत घ्यावी म्हणून सिनेटरांना पत्रे पाठवण्याचे आवाहन आपल्या सदस्यांना आधीच केले होते. रीड यांनी मात्र आपल्या पाहुण्याची बाजू सोडली नाही. हिंदूंविषयी कोणाच्या मनात गैरसमज असेल तर त्याने गांधींचे स्मरण करावे, अशा अर्थाचे ते बोलले. गांधीजींच्या या उल्लेखाकडे पुढे वळावेच लागेल.

या घटनेची वार्ता भारतात आली तेव्हा हिंदू मनात अभिमान आणि संताप या दोन्ही भावना उसळल्या. दोन्ही स्वाभाविकच होत्या. परंतु आज इतक्या वर्षांनी तिच्याकडे पाहताना एक वेगळा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. झेद त्या व्यासपीठावर कोणत्या बळावर उभे होते? एका सिनेटरच्या सौजन्याच्या, की हक्काच्या? सौजन्याच्या बळावर उभे असतील, तर ते सौजन्य उद्या मागे घेतले जाऊ शकते. आणि हक्काच्या बळावर असतील, तर तोच हक्क ज्याची श्रद्धा मुळीच पसंत नाही अशा माणसालाही द्यावा लागतो. सहिष्णुतेच्या सगळ्या चर्चेची गाठ येथे बसलेली आहे.

अमेरिकेच्या विधिमंडळाचे हे दार एकदम उघडले गेलेले नाही. प्रतिनिधिगृहात पहिली ज्यू प्रार्थना १ फेब्रुवारी १८६० रोजी झाली आणि तेव्हाही त्यावर टीका झालीच. पहिली मुस्लिम प्रार्थना १९९१ मध्ये. हिंदू प्रार्थनेचा मान १४ सप्टेंबर २००० रोजी ओहायो राज्यातील पार्मा येथील शिव-विष्णू मंदिराचे पुजारी वेंकटाचलपती समुद्राला यांना मिळाला. त्याच दिवशी तत्कालीन पंतप्रधान अटल बिहारी वाजपेयी यांनी अमेरिकन काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनापुढे भाषण केले, म्हणून त्या निमंत्रणाला राजनैतिक औचित्यही होते. तरीही 'फॅमिली रीसर्च कौन्सिल'ने आक्षेप नोंदवला आणि गदारोळ झाल्यावर तिला खुलासा करावा लागला. सात वर्षांनी सिनेटमध्ये जे घडले, त्याची चुणूक अशी आधीच मिळाली होती.

हे सारे जुने झाले असेही कोणी समजू नये. ६ जून २०२५ रोजी प्रतिनिधिगृहात एका शीख ग्रंथींनी प्रार्थना केली. इलिनॉयच्या प्रतिनिधी मेरी मिलर यांनी समाजमाध्यमावर त्याविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली; प्रथम त्या ग्रंथींना मुसलमान म्हटले, मग शब्द बदलून शीख केले आणि अखेरीस तो मजकूरच काढून टाकला. आक्षेप आधी ठरलेला होता, धर्म कोणता ते नंतर विचारले गेले. टेक्सासमधील शुगर लँड येथे एका मंदिराच्या स्वतःच्या आवारात २०२४ मध्ये हनुमंताची नव्वद फूट उंचीची मूर्ती उभी राहिली. पुढच्याच वर्षी सिनेटच्या निवडणुकीतील एका इच्छुक उमेदवाराने 'खोट्या देवाची मूर्ती' ख्रिस्ती राष्ट्रात का उभी राहू द्यावी, असा जाहीर सवाल केला. म्हणजे प्रश्न आता सरकारी सभागृहापुरताही उरला नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या, स्वतःच्या जमिनीवरील उपासनाही काहींच्या डोळ्यांत सलते.

येथे अमेरिकेच्या इतिहासातील एक प्रकरण आठवावे. १८४२ मध्ये फिलाडेल्फियाचे कॅथलिक बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी शाळा मंडळाकडे एक साधी मागणी केली. सरकारी शाळांतून रोज बायबलचे वाचन होत असे आणि ते प्रोटेस्टंटांच्या मान्यतेतील इंग्रजी भाषांतराचे असे. कॅथलिक मुलांना त्यांच्या चर्चने मान्य केलेली प्रत वाचू द्यावी, एवढेच बिशपचे म्हणणे होते. मंडळाने काही सवलत दिली. त्यातून अफवा उठल्या, कॅथलिक लोक शाळांतून बायबल हद्दपार करू पाहत आहेत अशी हाकाटी झाली आणि १८४४ च्या मे व जुलै महिन्यांत शहरात दंगली पेटल्या. आयरिश कॅथलिकांची घरे जळाली, सेंट मायकेल आणि सेंट ऑगस्टीन ही चर्च भस्मसात झाली, माणसे मेली. ग्रंथ एक, देव एक, प्रेषित एक. केवळ भाषांतर कोणते, यावर हे रक्त सांडले. २००७ मध्ये हिंदू पाहुण्यासाठी सभागृहात शांतता पुनःस्थापित करणारे केसी हे त्याच पेन्सिल्व्हानियाचे, आयरिश वंशाचे कॅथलिक. त्यांच्या समाजाने त्या राज्यात जे सोसले, त्याची आठवण त्यांना त्या क्षणी झाली असेल वा नसेल. पण आधी आलेल्या उपऱ्याने नंतर आलेल्या उपऱ्यासाठी दार धरून ठेवावे, हे त्या देशाच्या इतिहासात वारंवार घडलेले आहे, हे मान्य केले पाहिजे.

अशा अनुभवांतून अमेरिकन न्यायालयांनी हळूहळू काही रेषा आखल्या. १९६२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने तयार केलेली बावीस शब्दांची शालेय प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. ती प्रार्थना कोणत्याही पंथाची नव्हती आणि ज्या मुलाला नको त्याला सूट होती, हे दोन्ही मुद्दे न्यायालयापुढे मांडले गेले होते. तरीही लोकांनी म्हणावयाची प्रार्थना रचणे हे सरकारचे कामच नव्हे, असा निर्णय झाला. त्यामागील जाण मनुष्यस्वभावाची आहे. तीस मुले हात जोडून उभी असताना एकट्याने वर्गाबाहेर जाऊन उभे राहण्याची सूट ही शिक्षेपेक्षा फार निराळी नसते, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते.

विधिमंडळाचा न्याय मात्र वेगळा लावला गेला. नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात एकच प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक सोळा वर्षे प्रार्थना करीत होता. त्याला एका सदस्याने आव्हान दिले, तेव्हा १९८३ मध्ये न्यायालयाने ही प्रथा प्रजासत्ताकाइतकीच जुनी असल्याचे सांगून ती वैध ठरवली. सभासद प्रौढ असतात, त्यांच्यावर दडपण येत नाही, हा त्यातील विचार. पण गावाच्या मंडळापुढे आपले काम घेऊन आलेल्या सामान्य नागरिकाचे काय? न्यूयॉर्क राज्यातील ग्रीस या गावी मंडळाच्या मासिक सभेपूर्वी १९९९ पासून प्रार्थना होत असे आणि २००७ पर्यंत ती करणारे सर्व जण ख्रिस्ती होते. तक्रार झाल्यावर २००८ मध्ये एक ज्यू, एक बहाई आणि विका या पंथाची एक पुजारीण यांना बोलावले गेले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ग्रीस गावाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती एलेना केगन यांच्या भिन्नमतपत्रात मात्र एक चित्र रेखाटलेले आहे: आपला अर्ज घेऊन मंडळासमोर उभा राहिलेला परधर्मीय नागरिक, त्याने मान लववावी की बाहेर जावे, आणि बाहेर गेल्यास आपल्या अर्जाकडे मंडळ कोणत्या दृष्टीने पाहील. केगन यांच्या उदाहरणातील नागरिक मुसलमान आहे. त्याच्या जागी मंदिराच्या बांधकामाची परवानगी मागण्यासाठी गेलेला पुण्याचा वा नागपूरचा अभियंता कल्पून पाहिला, म्हणजे प्रश्नाची धार कळते.

उलट बाजूची गंमतही नोंदवण्याजोगी आहे. सर्वांना दार खुले आहे असे एकदा म्हटले, की कोण येणार यावर यजमानाचा ताबा राहत नाही. ॲरिझोनातील फिनिक्स नगर परिषदेपुढे प्रार्थना करण्याची पाळी 'सटॅनिक टेम्पल' नावाच्या गटाची आली, तेव्हा २०१६ मध्ये परिषदेने प्रार्थनाच थांबवून मौन पाळण्याचा ठराव केला. लोकक्षोभ होताच पोलीस व अग्निशमन दलाच्या धर्मोपदेशकांना पुढे करून वाट काढली. समानतेची भाषा बोलणे सोपे, तिचा हिशेब चुकता करणे अवघड, हे त्या परिषदेने काही आठवड्यांत अनुभवले.

अलीकडे काटा पुन्हा दुसऱ्या दिशेने झुकू लागला आहे. सामना संपल्यावर मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या शालेय प्रशिक्षकाच्या बाजूने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला. २०२४ मध्ये लुईझियानाने आणि २०२५ मध्ये टेक्सासने सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञांचा फलक लावण्याचे कायदे केले. दोन्ही न्यायालयात गेले. यातील विशेष गोष्ट अशी की, दहा आज्ञांतील पहिली आज्ञा एकाच देवाखेरीज अन्य देव न मानण्याची आहे आणि पुढची मूर्तीच्या निषेधाची. २००७ मध्ये सिनेटच्या सज्जातून जे ओरडून सांगितल्याबद्दल तिघांना अटक झाली, तेच आता शासनाच्या आदेशाने वर्गाच्या भिंतीवर लावण्याची ही तरतूद. घरी देवघरात गणपतीपुढे हात जोडून शाळेत गेलेल्या सात वर्षांच्या मुलीने ती भिंत रोज वाचावी, अशी अपेक्षा आहे. टेक्सासच्या कायद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या वादी कुटुंबांत ख्रिस्ती आहेत, ज्यू आहेत आणि हिंदूही आहेत. त्याआधी २००५ मध्ये टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारातील दहा आज्ञांच्या शिळेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 'हिंदू अमेरिकन फाउंडेशन'ने न्यायालयापुढे हिंदूंची बाजू मांडली होती. शिळा राहिली, निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. तरीही अमेरिकेतील हिंदू समाज केवळ निमंत्रणाची वाट पाहत बसलेला नाही, हे त्यातून दिसले.

'सहिष्णुता' हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. सहन करणे म्हणजे जे आवडत नाही ते खपवून घेणे. त्यात खपवून घेणारा वर आणि खपवून घेतला जाणारा खाली, हे गृहीतच असते. ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचा प्रारंभ कार्डिनल गिबन्स यांनी म्हटलेल्या ख्रिस्ती प्रार्थनेने झाला. स्वामी विवेकानंद त्या सभागृहात उपस्थित होते. त्या प्रार्थनेला त्यांनी हरकत घेतली नाही, आणि नंतर बोलावयास उभे राहिले तेव्हा हिंदू केवळ सहिष्णुता मानत नाही, सर्व धर्मांचा सत्य म्हणून स्वीकार करतो, असे त्यांनी सांगितले. सहन करणे आणि स्वीकारणे यांतील हा भेद म्हणजे शब्दांचा खेळ नव्हे. ज्याचा स्वीकार केला, त्याला आपल्या घरात उभे राहण्यासाठी रोज परवानगी मागावी लागत नाही. विवेकानंदांचे ते भाषण दरवर्षी शाखाशाखांतून आणि शाळाशाळांतून आठवले जाते. त्याचा व्यवहारातील अर्थ काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

तो अर्थ विचारायचा तर भारतात यावे लागते, कारण येथे हिंदू यजमान आहे. झेद यांनी सिनेटमध्ये जी उपनिषदातील प्रार्थना मांडली, तीच केंद्रीय विद्यालयांच्या सकाळच्या प्रार्थनेत आहे. २०१७ मध्ये तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २०१९ च्या जानेवारीत दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न घटनापीठापुढे जावा असा अभिप्राय दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या बोधचिन्हावरील वचनही महाभारतातीलच आहे, याकडे सरकारच्या वतीने लक्ष वेधण्यात आले होते. तो युक्तिवाद बिनतोड आहे. संस्कृत भाषेत आहे म्हणून एखादे वचन सांप्रदायिक ठरत नाही. अंधारातून प्रकाशाकडे जाण्याच्या इच्छेला पंथ नसतो. ही प्रार्थना भारतीय संस्कृतीचा वारसा आहे आणि ती शाळेतून घालवण्याचा आग्रह हा संस्कृतीविषयीच्या तिटकाऱ्यातून आलेला असू शकतो, हेही खरे.

पण येथेच थांबता येत नाही. टेक्सासमधील हिंदू पित्याला सांगितले जाते की, दहा आज्ञा हा धर्म नव्हे, ते अमेरिकन कायद्याचे मूळ आहे, तो राष्ट्राचा वारसा आहे. शब्दाला शब्द जुळतो. त्या पित्याला हा युक्तिवाद पटत नसेल, तर दिल्लीतल्या वा भोपाळच्या एखाद्या पित्यालाही तो पटणार नाही, हे समजून घेणे क्रमप्राप्त आहे. दोहोंत फरक आहे तो आशयाचा. उपनिषदातील प्रार्थना दुसऱ्याच्या देवाला खोटे ठरवत नाही. पहिली आज्ञा ठरवते. हा फरक मोठा आहे आणि तो ठामपणे सांगितला पाहिजे. तथापि आशय कितीही उदार असला, तरी हात जोडण्याची सक्ती ही सक्तीच राहते. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने शासनमान्य वा अनुदानित शाळेतील कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीविना धार्मिक उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येणार नाही, असे सांगून ठेवलेले आहे.

केरळमधील यहोवा विटनेस पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण पंथाच्या शिकवणुकीमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. त्या निकालावर देशभर नाराजी व्यक्त झाली आणि राष्ट्रभक्तांना तो रुचणे कठीणच होते. राष्ट्रगीत ही प्रार्थना नव्हे. त्याची तुलना कोणत्याही उपासनेशी करणे अनेकांना खटकते. पण मुले उभी राहत होती, अनादर करीत नव्हती, हे न्यायालयाने पाहिले. एखाद्याने अपमान करणे आणि एखाद्याने गप्प राहणे यांत अंतर आहे. सिनेटच्या सज्जातील तिघांनी मान खाली घालून मौन पाळले असते, तर त्यांना कोणी बाहेर काढले नसते.

संविधान सभेपुढे हा विषय फार थेटपणे आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू असता ह. वि. कामत यांनी तिचा आरंभ परमेश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती मांडली. कामत हे श्रद्धावान गृहस्थ होते आणि त्यांच्या मनात कोणता एक पंथ नव्हता. तरीही थानू पिल्ले यांनी यातून श्रद्धेची सक्ती होते असा आक्षेप घेतला. हृदयनाथ कुंझरू यांनी व्यक्तीच्या अंतरंगातील गोष्ट सामूहिक ठरावाने लादू नये असे बजावले. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर परमेश्वराला मतदानाला टाकू नका, अशी विनवणी केली. कामतांनी आग्रह सोडला नाही. मतदान झाले: बाजूने ४१, विरुद्ध ६८. ज्यांनी विरोधात मते दिली, त्यांत ईश्वर मानणारेच बहुसंख्य असणार, हे त्या सभेची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगावयास नको. हिंदूंचे प्रचंड बहुमत असलेल्या त्या सभागृहाने बहुमताचा हा उपयोग करण्याचे नाकारले. ही नास्तिकता नव्हती. श्रद्धेला हातांची मोजदाद लागत नाही, हे या भूमीतील जुने शहाणपण होते. आज उठसूट हिंदू समाजाला असहिष्णू ठरवणाऱ्या विद्वानांनी त्या दिवसाची इतिवृत्ते एकदा चाळावीत.

आता रीड यांनी उल्लेखिलेल्या गांधीजींकडे. एप्रिल १९४७ च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीच्या वाल्मीकी मंदिराच्या आवारात गांधीजींच्या सायंप्रार्थना होत असत. त्यांत गीतेच्या श्लोकांबरोबर कुराणातील आयतही म्हटली जाई. एके दिवशी एकाने उठून हिंदू मंदिरात हे चालणार नाही असे बजावले. गांधीजींनी प्रार्थना थांबवली. पुढील दोन दिवस तेच घडले. नोआखालीच्या जखमा ओल्या होत्या, पंजाब पेटला होता, फाळणी दारात उभी होती. आक्षेप घेणाऱ्याच्या मनातील आग समजण्यासारखी होती. गांधीजींच्या त्या काळातील धोरणांशी ज्यांचे तीव्र मतभेद होते आणि आहेत, त्यांनीही त्यांच्या त्या वागण्याकडे नीट पाहावे. सभेला आलेले बहुसंख्य लोक प्रार्थनेच्या बाजूचे होते. पण आक्षेप घेणाऱ्याला हुसकावून प्रार्थना पुढे रेटायची नाही, असा त्यांचा आग्रह राहिला. केसी यांनी आक्षेपकांना बाहेर काढले, गांधीजींनी प्रार्थना आवरली. दोन्ही योग्यच, कारण जागा वेगळ्या. सिनेट हे राज्याचे सभागृह. तेथे एकाच धर्माचा मक्ता सांगणाऱ्याला गप्प करणे हे राज्याचे कर्तव्य. मंदिर ही भक्तांची जागा. तेथे काय म्हटले जावे याविषयी भक्ताला विचारण्याचा हक्क आहे, मग त्याचा प्रश्न गांधीजींना कितीही दुःख देणारा असो.

राहता राहिला रस्ता, आणि खरी कसोटी तेथेच लागते. रस्ता ना मंदिराचा, ना सभागृहाचा. रस्त्यावरील धार्मिक मिरवणुकीचा कायदा या देशात हिंदू-मुसलमानांच्या भांडणातूनच घडला, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. १९२४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दिलेला मूलभूत निर्णय संयुक्त प्रांतातील औरंगाबाद नावाच्या गावचा (महाराष्ट्रातील शहराशी त्याचा संबंध नाही) होता आणि त्यातील पक्षकार शिया व सुन्नी होते. मोहरमची मिरवणूक सुन्नींच्या मशिदीपुढे थांबावी की नाही, हा वाद. प्रत्येक समाजाला सार्वजनिक रस्त्याने मिरवणूक नेण्याचा हक्क आहे, मात्र रस्त्याच्या नेहमीच्या वापरात अडथळा येता कामा नये आणि सुव्यवस्थेसाठी दिलेले अधिकाऱ्यांचे आदेश पाळले पाहिजेत, असे कौन्सिलने सांगितले. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात वडगलै आणि तेंगलै या दोन वैष्णव शाखांनी कोणती स्तुती कोणी म्हणावी यावरून पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. शेजारी जितका जवळचा, तितका वाद चिवट.

१९९२-९३ च्या हिवाळ्यात मुंबईत शुक्रवारच्या नमाजाने रस्ते अडतात, या तक्रारीला उत्तर म्हणून रस्त्यांवर महाआरत्या झाल्या. तक्रार खोटी नव्हती. वर्षानुवर्षे प्रशासनाने तिच्याकडे कानाडोळा केला होता, आणि मतपेढीसाठी काहींना नियम आणि काहींना सवलत देणाऱ्या राज्यकर्त्यांवर त्याचा दोष जातो. पण महाआरतीने रस्ता मोकळा झाला नाही. तो दोनदा अडू लागला. त्या हिवाळ्यात मुंबईने पुढे काय भोगले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. आरती ही देवापुढे करावयाची. ती शेजाऱ्याला दाखवण्यासाठी होऊ लागली, की तिच्यातील देव बाजूला पडतो.

ध्वनिक्षेपकाचेही तेच. २००० मध्ये चेन्नईतील एका चर्चच्या ढोल आणि ध्वनिवर्धकांविरुद्ध शेजारच्या वसाहतीने दाद मागितली, तेव्हा इतरांची शांती भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचे बंधन आणले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. ठाण्यातील एका डॉक्टरांची याचिका मंडपांचा आणि उत्सवातील आवाजाचा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०१६ च्या निकालात ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा हक्क नाही असे न्यायालयाने म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील रहिवासी संघटनांची याचिका मशिदींवरील भोंग्यांविरुद्ध होती. निकालाचा गाभा तोच राहिला. पहिल्या निकालाच्या वेळी ज्यांनी न्यायालयावर हिंदुविरोधाचा ठपका ठेवला, त्यांनी दुसऱ्या निकालाचे स्वागत केले, आणि पहिल्याचे स्वागत करणारी पुरोगामी मंडळी दुसऱ्याच्या वेळी मूग गिळून बसली. गंमत अशी की दोन्ही वेळा डेसिबल मोजणारे यंत्र एकच होते.

सार्वजनिक गणेशोत्सव पुण्यात १८९३ मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी विवेकानंद शिकागोस गेले. एकाने देव रस्त्यावर आणला, दुसऱ्याने वेदान्त परदेशी नेला. आज त्या उत्सवाची मंडळे न्यू जर्सीत आहेत, टेक्सासमध्ये आहेत. तेथील मराठी कार्यकर्ते नगरपालिकेचा परवाना महिनाभर आधी काढतात, मैदानाचे भाडे भरतात, वाहने कुठे लावायची याचा नकाशा देतात, ठरल्या वेळी ध्वनिक्षेपक बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी मैदान झाडून देतात. त्यांच्यापैकी अनेकांनी हे कार्य गिरगावात, ठाण्यात, डोंबिवलीतच शिकलेले असते. भाद्रपदापूर्वी मुंबई-पुण्यातील मंडळांच्या बैठका सुरू होतात, तेव्हा रस्त्याच्या किती रुंदीत मंडप घालायचा आणि रुग्णवाहिकेसाठी किती वाट सोडायची, हे विषय कार्यक्रमपत्रिकेवर वर्गणीच्या आधी यावयास हरकत नाही.